डेबिट कार्डावरचं शुल्क बंद झालं, तरी पैसे का कापले जातात?

प्रश्न विचारणाऱ्यांचं छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: "सरकारनं २०२० पासून डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचं शुल्क बंद केलं असं वाचलं होतं. तरी माझ्या बचत खात्यातून कार्डाचे वर्षाचे २३६ रुपये गेले. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढले तर २७ रुपये १४ पैसे कापले. दुकानातल्या स्वाइप मशीनचे पैसे रोज थोडे कमीच जमा होतात. टीव्ही घ्यायला गेलो तर शोरूमवाल्यानं डेबिट कार्डानं देणार असाल तर दोन टक्के जादा लागतील असं सांगितलं. आणि एका दुकानात यूपीआयनं दिलेले १,८०० रुपये अडकले, ते आठव्या दिवशी परत आले. यातलं कायदेशीर काय आणि बेकायदा काय?"

मी बँकेत आधी डिजिटल व्यवहारांच्या ताळमेळाचं काम केलं आणि नंतर ग्राहकांच्या तक्रारी पाहिल्या, त्यामुळे असे प्रश्न माझ्यासमोर रोज यायचे. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुम्ही पाच रकमा एकत्र मांडल्या आहेत, पण त्या पाच वेगवेगळ्या लोकांनी, पाच वेगवेगळ्या कारणांसाठी घेतलेल्या किंवा अडकवलेल्या आहेत. प्रत्येकीला लागू होणारा नियमही वेगळा आहे. काही ठिकाणी शुल्काला पूर्ण बंदी आहे, काही ठिकाणी कमाल मर्यादा आहे, आणि काही ठिकाणी बँकेला जवळजवळ मोकळीक आहे. सरसकट "ही लूट आहे" अशी तक्रार केली तर बँक बरोबर त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवते आणि तक्रार बंद करते. म्हणून एकेक रक्कम घेऊन, ती कोणी कोणाकडून कशासाठी घेतली हे आधी ठरवायचं.

आता २०२० मध्ये नेमकं काय बंद झालं ते बघू. आपल्याकडे पेमेंटच्या सगळ्या यंत्रणांवर २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायदा चालतो आणि त्याखाली रिझर्व्ह बँक नियम करते. २०१९ च्या वित्त कायद्यानं त्यात कलम १०ए घातलं. सरकार ठरवून देईल त्या पेमेंटच्या पद्धतींसाठी बँकेनं पैसे देणाऱ्याकडूनही शुल्क घ्यायचं नाही आणि पैसे घेणाऱ्याकडूनही घ्यायचं नाही, असं ते कलम सांगतं. त्या पद्धती आयकर नियमांत ठरवल्या गेल्या: रुपे डेबिट कार्ड (रुपे हे व्हिसासारखंच, पण आपल्या देशातलं कार्ड नेटवर्क), यूपीआय आणि यूपीआयचा क्यूआर कोड. १ जानेवारी २०२० पासून हे लागू झालं. काही बँकांनी त्यानंतरही पैसे घेतले, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून ते परत करायला सांगितलं.

यात दोन गोष्टी वाचायच्या राहून जातात. एक म्हणजे बंदी रुपे डेबिट कार्डाला आहे, सगळ्या डेबिट कार्डांना नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचं कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असेल तर हे कलम तिथे लागू होत नाही. दुसरं, बंदी आहे ती त्या व्यवहारावरच्या शुल्काला. कार्ड बाळगण्याचं वार्षिक शुल्क, हरवलेल्या कार्डाऐवजी नवीन घेण्याचं शुल्क, मशीनचं भाडं या गोष्टी व्यवहारात धरल्या जात नाहीत. तुमच्या प्रश्नातला अर्धा गोंधळ इथेच सुटतो.

आता तुमच्या स्वाइप मशीनकडे येते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात आणि तिथेच तुम्ही काही करू शकता. गिऱ्हाइकानं कार्ड घासलं की दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून जो तुकडा कापला जातो त्याला एमडीआर म्हणतात. तो एकट्या बँकेचा नसतो. त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात. थोडा भाग व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला जातो आणि उरलेला तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेकडे राहतो. म्हणजे तुमचे पैसे कापणारी बँक दिसते एक, पण पैसे तिघांत वाटले जातात. तुमच्या शाखेत जाऊन भांडल्यावर तिथला अधिकारी हतबल का दिसतो, याचं हेही एक कारण आहे.

या एमडीआरला रिझर्व्ह बँकेनं डेबिट कार्डापुरती कमाल मर्यादा घातली आहे. २०१२ मध्ये ती २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला ०.७५ टक्के आणि त्यावर १ टक्का अशी होती. नोटाबंदीनंतर काही काळ लहान रकमांसाठी आणखी खाली आणली होती. मग १ जानेवारी २०१८ पासून पद्धतच बदलली. व्यवहार किती रुपयांचा यापेक्षा दुकानदार किती मोठा यावर दर ठरू लागला. आधीच्या आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर कार्ड मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहारावर २०० रुपयांपेक्षा जास्त नाही. उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहारावर जास्तीत जास्त १,००० रुपये. वर जीएसटी असेल तर तो वेगळा.

आकड्यात सांगते. ५,००० रुपयांची खरेदी झाली आणि तुम्ही २० लाखांच्या आतले दुकानदार असाल, तर एमडीआर २० रुपयांच्या वर जाता कामा नये. १८ टक्के जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे. तुम्हाला चुकून मोठ्या गटात टाकलं असेल तर हेच ४५ रुपये होतात, जीएसटीसकट ५३ रुपये १० पैसे. दुपटीहून जास्त. आणि ही चूक फार सर्रास होते! मशीन घेताना फॉर्मवर उलाढालीचा रकाना रिकामा राहतो, किंवा मशीन विकायला आलेला मुलगा अंदाजे आकडा भरतो, आणि पुढे कोणी ते पाहत नाही. माझ्याकडे आलेल्या दुकानदारांच्या तक्रारींत खरोखर पैसे परत मिळण्यासारख्या ज्या असायच्या, त्यांतल्या बऱ्याच या एका रकान्यामुळे झालेल्या होत्या. तुमची उलाढाल तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून तुम्ही कोणत्या गटात बसता ते मी इथून सांगू शकत नाही. पण छोटं दुकान म्हणताय, तर सगळ्यात आधी हेच तपासा.

त्याखेरीज आणखी दोन गोष्टी बघा. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही. एखाद्या दिवशी तीन गिऱ्हाइकांनी क्रेडिट कार्ड वापरलं तर त्या दिवसाची कपात एकदम जास्त दिसते आणि ती बेकायदा नसते. यूपीआयचंही तसंच. खात्यातून आलेलं यूपीआय तुम्हाला फुकट आहे, पण गिऱ्हाइकानं यूपीआयला रुपे क्रेडिट कार्ड जोडून त्यातून पैसे दिले असतील तर त्यावर शुल्क लागू शकतं. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. दुसरी गोष्ट मशीनच्या भाड्याची. ते करारात ठरतं. ते एमडीआरमध्ये मिसळून कापलं जात असेल तर तुम्हाला कधीच हिशोब लागणार नाही. म्हणून बँकेकडे, किंवा मधल्या पेमेंट कंपनीकडून मशीन घेतलं असेल तर त्या कंपनीकडे, महिन्याचं मर्चंट स्टेटमेंट मागा. त्यात प्रत्येक व्यवहारापुढे कार्डाचा प्रकार, दर, जीएसटी आणि भाडं वेगळं हवं. अशा कंपन्यांनाही एमडीआरचे नियम पाळावे लागतात आणि त्यावर काही शुल्क लावत असतील तर ते आधीच उघड दाखवावं लागतं. "आमचा सगळ्यांना एकच दर आहे" असं उत्तर मिळालं तर रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर तो दर लावलाय का, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. तिथे दर शून्य असायला हवा.

शोरूमच्या दोन टक्क्यांचं उत्तर सोपं आहे. डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा नाही, दुकानदारानं स्वतः सोसायचा, असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलंय आणि दुकानदार तसं करणार नाहीत हे पाहण्याची जबाबदारी मशीन देणाऱ्या बँकेवर टाकली आहे. त्यांना जास्तीत जास्त ०.९० टक्के पडतात आणि ते तुमच्याकडे दोन मागतात, यावरूनच हा खर्चाचा हिशोब नव्हे हे कळतं. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा बिल आणि कार्डाची स्लिप जपून ठेवा. स्लिपवर मशीन कोणत्या बँकेचं ते छापलेलं असतं. तक्रार त्या बँकेकडे करायची, तुमच्या बँकेकडे नाही. लोक नेमकं उलटं करतात आणि तिथेच अडकतात. फक्त एक लक्षात घ्या: तिकीट काढताना किंवा ऑनलाइन बिल भरताना जे सुविधा शुल्क लागतं ते सेवा देणाऱ्याचं स्वतःचं शुल्क म्हणून लावलेलं असतं. त्याला हा नियम सरळ लावता येत नाही.

२३६ रुपयांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ते २०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि ते कायदेशीर आहे. डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क किती असावं याचा आकडा रिझर्व्ह बँकेनं ठरवलेला नाही. बँकेच्या संचालक मंडळानं ठरवावं, ते वाजवी असावं आणि ग्राहकाला आधी कळवलेलं असावं, एवढीच चौकट आहे. वाजवी म्हणजे किती हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर भांडण जिंकता येत नाही. आधी कळवलं होतं का, यावर मात्र जिंकता येतं.

इथे माझं मत मोकळेपणानं मांडते, कारण तुमच्या रागाचं मूळ इथेच आहे. आपल्याकडच्या नियमांनी व्यवहाराचा दर घट्ट धरून ठेवला, पण खातं आणि कार्ड यांचे दर बऱ्याच अंशी सैल सोडले. व्यवहार चालवायला खर्च तर येतोच: सर्व्हर, फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणा, तक्रारी पाहणारी माणसं. दुकानदाराकडून तो वसूल करता येत नसेल तर तो दुसऱ्या दारानं येतो. सरकारनं काही भाग उचललाय. २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं २,००० रुपयांपर्यंतच्या डेबिट कार्ड आणि भीम यूपीआय व्यवहारांचा एमडीआर सरकारनं भरला. पुढे बँकांना प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना आली. २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांवर ०.१५ टक्के आणि एकूण अंदाजे १,५०० कोटी रुपये अशी ती मंजूर झाली. उरलेला भार बँका आपल्या इतर उत्पन्नातून सोसतात, आणि त्या उत्पन्नात तुमचं वार्षिक शुल्क, एसएमएसचे पैसे, किमान शिल्लक नसल्याचा दंड हे सगळं येतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीनं मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरच्या इंटरचेंजला मर्यादा घातली. ऑक्टोबर २०११ पासून ती २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के अशी झाली, आणि फसवणूक रोखण्यासाठी फार तर आणखी एक सेंट. ती लागू होण्याच्या बेतात असतानाच बँक ऑफ अमेरिकेनं डेबिट कार्ड वापरणाऱ्यांकडून महिन्याला ५ डॉलर घ्यायचं जाहीर केलं. लोक खवळले आणि महिनाभरात तो बेत मागे घ्यावा लागला, पण मोफत खात्यांच्या अटी तिथल्या बऱ्याच बँकांनी हळूहळू कडक केल्या. युरोपीय संघानं २०१५ मध्ये डेबिट कार्डाचं इंटरचेंज ०.२ टक्क्यांवर आणलं. म्हणजे मर्यादा घालणं हा जगभर वापरलेला उपाय आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. कारण मर्यादा नसती तर तुमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला नेटवर्कशी घासाघीस करायची ताकद कधीच नव्हती. पण दर शून्यावर आणला तर त्याचा भार कोण उचलतंय हे दरवर्षी उघडपणे सांगितलं पाहिजे, आणि खात्यावरच्या शुल्कांनाही कुठेतरी वरची मर्यादा हवी, असं मला मनापासून वाटतं. गरीब खातेदाराच्या खात्यातून २३६ रुपये जाणं आणि लाखो रुपये शिल्लक असणाऱ्याला तेच माफ होणं, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय आणि ते मला कधीच पटलं नाही.

तोवर तुमच्या हातात काय आहे? तीन गोष्टी आहेत. डेबिट कार्ड घेण्याची सक्ती बँक करू शकत नाही, आणि दुसरी एखादी सुविधा हवी असेल तर कार्ड घ्यावंच लागेल अशी अटही घालू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. या खात्याचं कार्ड तुम्ही वापरतच नसाल तर लेखी अर्ज देऊन ते बंद करा आणि पोच घ्या. नुसतं कापून टाकलेलं कार्ड बँकेच्या दफ्तरी चालूच राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा २३६ जातात. कार्ड हवंच असेल तर बँकेत त्याहून साधं, कमी शुल्काचं कार्ड आहे का ते विचारा. खातं उघडताना हातात येतं ते अनेकदा महागडं कार्ड असतं. आणि घरात कोणाचं खातं अगदी थोड्या उलाढालीचं असेल तर मूलभूत बचत ठेव खातं उघडता येतं. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम-डेबिट कार्ड मोफत मिळतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. अट अशी की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

एटीएमचे २७ रुपये १४ पैसे म्हणजे २३ रुपये आणि जीएसटी. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसह सहा महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. त्यानंतर १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये घेता येतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर यात शिल्लक पाहणंही मोजलं जातं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पण मशीन बिघडल्यामुळे, त्यात रोकड नसल्यामुळे किंवा पिन चुकल्यामुळे पैसे निघाले नाहीत तर तो व्यवहार मोजायचा नाही आणि त्याचं शुल्कही घ्यायचं नाही, असं ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलं आहे. स्टेटमेंटवर असा फसलेला व्यवहार मोजलेला दिसला तर तेवढे पैसे परत मागा, मिळतात.

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या एनईएफटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानाचा माल मागवताना वापरत असाल म्हणून एवढंच: बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. शाखेत फॉर्म भरून केली तर लागतं, पण त्याला मर्यादा आहे: १०,००० पर्यंत अडीच रुपये, एक लाखापर्यंत ५, दोन लाखांपर्यंत १५ आणि त्यावर २५ रुपये, अधिक जीएसटी. आलेल्या पैशांवर काहीच घेता येत नाही. दुकानाचं खातं चालू खातं असेल तर ऑनलाइनची ती मोफत सवलत तुम्हाला आपोआप मिळत नाही, बँकेचं दरपत्रक पाहावं लागेल. आयएमपीएसचा दर मात्र प्रत्येक बँक स्वतः ठरवते.

आता अडकलेल्या १,८०० रुपयांबद्दल. तुम्ही हे शेवटी जाता जाता लिहिलंय, पण पाचही गोष्टींत नियम तुमच्या बाजूनं सगळ्यात भक्कम उभा आहे तो इथे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. दुकानदाराला यूपीआय केलं, खात्यातून पैसे गेले, पण त्याच्याकडे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, किंवा स्वाइप मशीनवर पैसे गेले पण पावती आली नाही, तिथेही हीच पाच दिवसांची मुदत. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात केलेल्या यूपीआयला मात्र एकच दिवस. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्टी वगळायची नाही. तुमचे पैसे आठव्या दिवशी आले म्हणजे तीन दिवस उशीर झाला, म्हणजे ३०० रुपये तुमचे येणे आहेत. ही भरपाई बँकेनं स्वतःहून, ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता जमा करायची असते. स्टेटमेंट काढून बघा. जमा झाली नसेल तर व्यवहाराचा क्रमांक, पैसे गेल्याची आणि परत आल्याची तारीख लिहून मागा.

याच्याच शेजारचा नियम फसवणुकीचा. तो तुम्ही विचारलेला नाही, पण दुकानदारानं तो माहीत करून घ्यायलाच हवा. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमच्या खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले आणि चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी गळती झाली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं नुकसान तुमचं. सात दिवसांनंतर मात्र बँकेचं धोरण असेल तसं. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. अमेरिकेत १९७८ च्या इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायद्याखाली अशीच पायरी आहे. तिथे कार्ड किंवा पिन चोरीला गेल्याचं कामकाजाच्या दोन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान जास्तीत जास्त ५० डॉलर, उशीर झाला तर ५०० डॉलर किंवा त्याहूनही जास्त. दोन्हीकडे विचार सारखाच आहे: पैसे वाचतील की जातील, हे मुख्यतः ग्राहक किती लवकर कळवतो यावर ठरतं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, दर कितीही वाचायचे राहिले तरी चालतील, पण बँकेचा मेसेज त्याच दिवशी वाचा. २३ रुपयांच्या शुल्कावर तावातावानं बोलणारी माणसं ८०,००० गेल्याचं आठ दिवसांनी कळवतात, आणि तेव्हा माझ्यासारख्या माणसाला त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही. पैसे फसवून गेले असतील तर बँकेसोबतच १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

दाद मागायची पद्धत अशी. आधी संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. शाखेत तोंडी सांगितलेली तक्रार धरू नका. तक्रारीत राग न लिहिता चार गोष्टी लिहा: तारीख, रक्कम, तुमच्या मते लागू होणारा नियम, आणि तुम्हाला किती रुपये परत हवेत. शेवटचा आकडा लोक लिहीतच नाहीत, आणि मग बँक "दिलगीर आहोत" एवढ्यावर प्रकरण मिटवते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार नोंदवायच्या पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. वकील लागत नाही. बँकेनं व्यापारी धोरण म्हणून ठरवलेलं शुल्क जास्त आहे, अशी तक्रार लोकपाल घेत नाही. नियमापेक्षा जास्त घेतलं, न कळवता घेतलं, मुदतीत परत केलं नाही, अशीच ती मांडावी लागते. म्हणून २३६ रुपयांसाठी "शुल्क अन्याय्य आहे" असं लिहून उपयोग नाही, पण "या शुल्काची सूचना मला कधी व कशी दिली ते कळवा" असं विचारता येतं.

तुमच्या जागी मी असते तर क्रम असा लावला असता: आधी ३०० रुपये भरपाई मागितली असती, कारण त्यावर बँकेकडे उत्तर नाही. त्याच दिवशी मर्चंट स्टेटमेंट आणि माझी उलाढाल कोणत्या गटात नोंदवली आहे याची लेखी माहिती मागितली असती. शोरूमची तक्रार बिल हातात असेल तरच केली असती. वार्षिक शुल्काचं कार्ड बंद करायचं की बदलायचं हे पुढचं शुल्क कापायच्या आत ठरवलं असतं, आणि एटीएमचे २७ रुपये सोडून दिले असते.

मर्चंट स्टेटमेंट मिळालं की खाते क्रमांक झाकून इथे टाका. दोन-तीन दिवसांतले डेबिट कार्डाचे व्यवहार, त्यांच्यापुढचा दर आणि गेल्या वर्षाची तुमची उलाढाल एवढं कळलं तर जादा किती कापलं गेलंय त्याचा हिशोब मी करून देईन, आणि उलाढाल २० लाखांच्या आत असून दर ०.९० टक्के निघाला तर बँकेला द्यायचं पत्रही इथेच लिहून देईन.